जिप्सम बोर्डच्या पार्टिशनवर किचनची कपाटं: स्क्रू कोणता हे नंतर, आधी वजन कुणावर ते ठरवा

परभणीच्या एका ताईंनी विचारलंय. जुन्या घरात हॉल आणि किचनच्या मध्ये जिप्सम बोर्डचं पार्टिशन घातलंय. किचनच्या बाजूनं, ओट्याच्या वर, त्यावर तीन कपाटं लावायची आहेत. प्रत्येक तीन फूट लांब, दोन फूट उंच, एक फूट खोल. सुतार म्हणतोय, तीन इंची स्क्रू आणि गिट्टी (स्क्रू धरायला भोकात बसवतात ती प्लास्टिकची नळी) मारली की काम झालं. हार्डवेअरवाल्यानं ‘खास जिप्समची’ म्हणून मोठ्या आट्यांच्या प्लास्टिकच्या गिट्ट्या दिल्यात आणि त्या पाकिटावर एका गिट्टीला २० किलो असं छापलंय. ताईंचा प्रश्न असा, की या दोघांपैकी कुणाचं ऐकू?

ताई, दोघांचंही लगेच ऐकू नका. ते खोटं बोलतायत असं नाही. सुताराचा हात विटांच्या भिंतीवर बसलेला आहे आणि तिथं त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. दुकानदाराची गिट्टी घड्याळ, फोटो, टॉवेलची दांडी यांसाठी चांगली आहे. पण तुमचा खरा प्रश्न ‘कोणता स्क्रू’ हा नाहीच. कपाटाचं वजन स्क्रूमधून पुढं कुणाच्या अंगावर जाणार, हा प्रश्न आहे. विटांच्या भिंतीत ते विटेच्या अंगावर जातं. तुमच्या पार्टिशनमध्ये ते साडेबारा मिलिमीटर जाडीच्या, दोन्ही बाजूंनी कागद चिकटवलेल्या जिप्समच्या अंगावर जाईल, नाहीतर त्यामागच्या सांगाड्यातल्या पत्र्याच्या उभ्या खांबांवर, म्हणजे स्टडवर. किंवा आपण मुद्दाम आत बसवलेल्या प्लायवर. यातलं काय, ते आधी ठरवा. स्क्रू मग आपोआप ठरतो.

मी लातूरला बावीस वर्षं फर्निचर आणि पार्टिशनची कामं करतोय. पुढं जे लिहितोय त्यातलं बरंच तुमच्या पार्टिशनच्या आत काय आहे यावर अवलंबून आहे, आणि ते मला इथून दिसत नाही. म्हणून तुम्हाला घरीच तपासता येईल अशा पद्धतीनं सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट नक्की करा: ते जिप्सम बोर्डच आहे ना? हल्ली विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंतीवर सिमेंटच्या गिलाव्याऐवजी जिप्सम प्लास्टर मारतात. लोक त्यालाही ‘जिप्समची भिंत’ म्हणतात. माझ्याकडं येणाऱ्या अशा शंकांपैकी बऱ्याच ठिकाणी मागे वीटच निघते आणि चिंता तिथंच संपते. बोटाच्या पेरानं ठोकून बघा. सगळीकडं भरीव, बद्द आवाज आला तर मागे भिंत आहे. ढब-ढब असा पोकळ आवाज आणि दर दोन फुटांवर थोडा घट्ट आवाज आला तर बोर्ड आहे. तिसराही एक प्रकार असतो: मागे जुनी वीट, तिच्यापासून इंच-दोन इंच सोडून पुढं बोर्ड. ओल आलेली भिंत झाकायला असं करतात. तिथं लांब फास्टनर, म्हणजे विटेत धरणारा बोल्ट, बोर्डमधून आरपार विटेत नेता येतो. पण मधली पोकळी तशीच सोडून तो आवळला, तर बोर्ड आत दबून फुटतो. आधी त्या पोकळीच्या मापाचा प्लायचा ठोकळा किंवा पाइपचा तुकडा भरून घ्यावा लागतो. तुम्ही ‘पार्टिशन घातलंय’ असं लिहिलंय, म्हणजे दोन्ही बाजूंनी बोर्ड आणि मध्ये पत्र्याचा सांगाडा असणार. तसंच धरून पुढं बोलतो.

आता वजन. तुमच्या मापाचं अठरा एमएम प्लायचं कपाट, आत एक फळी, दोन शटर, सनमायका आणि बिजागऱ्या धरून रिकामंच पंचवीस किलोच्या आसपास भरतं. मी वजनकाट्यावर ठेवून पाहिलंय. त्यात तुमच्या घरातले डबे ठेवा. तूरडाळ, हरभराडाळ, शेंगदाणे, साखर, गूळ, पाच किलोचा तांदळाचा डबा, लोणच्याची चिनी मातीची बरणी. तीस किलो सहज होतात. उन्हाळ्यात कुरडया-पापडाचे पत्र्याचे डबे वर गेले की आणखी वाढतात. एका कपाटाला ६० किलो धरून चला. तीन कपाटं म्हणजे १८० किलो, म्हणजे तीन मोठी माणसं त्या पार्टिशनला लटकली आहेत. रोज, रात्रंदिवस.

हे ६० किलो दोन तऱ्हेनं काम करतात. एक, सरळ खाली ओढतात. दोन, कपाटाला पुढं झुकवायला बघतात. वजन भिंतीला चिकटून नसतं, ते सरासरी सहा इंच पुढं असतं, म्हणून कपाटाची खालची कड भिंतीला दाबते आणि वरचे स्क्रू बाहेर उपटले जातात. तुमच्या कपाटात वरचे स्क्रू खालच्या कडेपासून २२ इंचांवर असतील, तर वरच्या सगळ्या स्क्रूंवर मिळून बाहेरची ओढ ६० गुणिले ६ भागिले २२, म्हणजे सोळा-सतरा किलो. फार नाही. हेच वजन फ्रिजच्या वरच्या कपाटात ठेवा. ते दोन फूट खोल आणि जेमतेम एक फूट उंच असतं. तिथं ६० गुणिले १२ भागिले १०, म्हणजे ७२ किलोंची ओढ. वजन तेवढंच, ओढ चौपटीहून जास्त. म्हणून उंच आणि कमी खोलीचं कपाट भिंतीला सोपं, बुटकं आणि खोल कपाट भिंतीला जड. तुमच्या मनात पुढं फ्रिजवर कपाट करायचं असेल तर ते या पार्टिशनवर टांगायचा विचारसुद्धा करू नका. त्याला खालपर्यंत बाजूच्या फळ्या द्या.

तुम्ही म्हणाल, ओढ सोळा किलो आणि खाली ६० किलो, एका गिट्टीला २० किलो म्हणजे चार-पाच गिट्ट्यांत बसतंय की. कागदावर बसतं. पण पाकिटावरचा आकडा बहुतेक वेळा गिट्टी उपटून निघेपर्यंतचा असतो. कोरड्या, नव्या बोर्डवर, एकदाच, सावकाश ओढून काढलेला. रोजच्या वापरासाठी मी त्याचा चौथा हिस्साच धरतो. शिवाय पाच गिट्ट्या वजन सारखं वाटून घेत नाहीत. जी सगळ्यात घट्ट बसलीय तिच्यावर सगळ्यात आधी भार येतो, ती थोडी सैल झाली की शेजारच्या गिट्टीवर. शटर उघडलं की त्याचं वजन नऊ इंच पुढं जातं आणि एका टोकाला येतं. दिवसातून वीस वेळा. जिप्सम लाकडासारखं दबून परत येत नाही, ते चुरा होतं. एकदा चुरा झालेलं भोक पुन्हा घट्ट होत नाही.

हे मी नुसतं ऐकून सांगत नाही. काम सुरू करून चार-पाच वर्षं झाली होती तेव्हा एका शिक्षकांच्या घरी मी अशीच दोन कपाटं गिट्ट्यांवर लावली होती. माझा तेव्हाचा कारागीर म्हणाला, “दादा, चार गिट्ट्या जास्तीच्या मारतो की, कशाला घाबरायलाव?” आणि मीही हो म्हटलं. पाचेक महिन्यांनी बाईंचा फोन आला, कपाट आणि भिंतीच्या मध्ये वरून फट दिसतेय. मी गेलो. जेमतेम तीन एमएमची फट होती. मी ती पुट्टीनं भरली, रंग मारला आणि परत आलो. त्यानंतर दोन महिन्यांनी एका सकाळी ते कपाट डब्यांसकट ओट्यावर आलं. त्यांचा सात वर्षांचा मुलगा दूध पिऊन नुकताच ओट्यावरून उतरून दारापर्यंत गेला होता. कपाट उचललं तेव्हा स्क्रू बघितले. एकही वाकलेला नव्हता, एकही तुटलेला नव्हता. प्रत्येक स्क्रूवर गिट्टी जशीच्या तशी होती आणि तिच्याभोवती रुपयाएवढी जिप्समची पांढरी चकती, कागदासकट. भिंतीवरची भोकं गोल राहिलेली नव्हती. थेंबासारखी खाली लांबली होती. म्हणजे गिट्ट्या पाच महिने रोज थोड्या थोड्या खाली सरकत होत्या, ती फट म्हणजे त्याचीच खूण होती आणि मी ती पुट्टीनं झाकून आलो होतो. त्या दिवसापासून बोर्डच्या नुसत्या पृष्ठभागावर मी किचनचं कपाट लावलेलं नाही.

तेव्हा पहिलं काम, सांगाडा शोधा. आपल्याकडं पार्टिशनमध्ये जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याचे उभे स्टड असतात, जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. बोर्ड चार फूट रुंद येतो, त्यामुळं स्टड शक्यतो दोन-दोन फुटांवर असतात आणि प्रत्येक जोड एका स्टडवर येतो. शोधायला महागडं यंत्र लागत नाही. कपाटाच्या दाराला लावतात तसलं छोटं चुंबक किंवा जुन्या स्पीकरचं चुंबक रुमालात गुंडाळून भिंतीवर आडवं फिरवा. बोर्ड पत्र्याला धरणाऱ्या स्क्रूंवर ते हळूच चिकटतं. तिथून सरळ वर आणि खाली फिरवा. वीत-दीड विताच्या अंतरानं एका ओळीत आणखी स्क्रू लागले तर तो स्टड. पेन्सिलीनं खुणा करा, ओळंबा धरून रेघ मारा. रात्री लाइट बंद करून टॉर्च भिंतीला चिकटवून आडवी धरली तर जोडावरच्या टेपचा उंचवटाही दिसतो. शेवटी खात्री करायला, जी जागा कपाटामागं झाकली जाणार आहे तिथं बारीक बिटनं एक भोक घ्या. जिप्सम भसकन जातं, पत्रा लागला की बिट अडतं, आणि ओढून काढल्यावर पांढऱ्या भुकटीत चकचकीत पत्र्याचा बारीक कीस दिसतो. तो कीस दिसला म्हणजे स्टड सापडला. भोक घ्यायच्या आधी किचनचा एमसीबी पाडा. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि खाली वायरिंगचा पाइप असतो, तिथं ड्रिल लावू नका. सिंक असेल तर नळाच्या रेषेतही नाही.

याच वेळी दोन गोष्टी आणखी बघा. पार्टिशन वर स्लॅबपर्यंत गेलंय की फॉल्स सीलिंगपाशी संपलंय? फॉल्स सीलिंगच्या वर टॉर्च मारून बघता येतं. सांगाड्याची वरची आडवी पट्टी, म्हणजे चॅनल, स्लॅबला फास्टनरनं पकडलेली नसेल, तर ते पार्टिशन म्हणजे खालून पकडलेला पडदा आहे. त्यावर कपाट टांगायचंच नाही, स्क्रू कोणताही असो. आणि खांद्याच्या उंचीवर तळहातानं जोरात दाबून बघा. भिंत डोळ्याला दिसेल इतकी हलली तर आधी सांगाडा मजबूत करावा लागेल.

स्टड सापडले तरी अर्धा एमएम पत्रा म्हणजे लाकूड नव्हे, हे लक्षात ठेवा. त्यात स्क्रूचे जेमतेम एक-दोन आटे धरतात. सुताराचा तीन इंची, लाकडासाठीचा स्क्रू तिथं उपयोगाचा नाही. तो पत्र्याला फाडून मोठं भोक करतो आणि त्याची बाकीची लांबी मागच्या पोकळीत नुसती लोंबते. पत्र्याला टोकाला ड्रिल असलेला सेल्फ ड्रिलिंग स्क्रू लागतो. तोही मशीन फुल्ल स्पीडवर ठेवून मारला की क्षणात आटे कापून फिरत राहतो. मशीनचा क्लच (किती जोरानं आवळायचं ते ठरवणारी कडी) कमी ठेवा, शेवटचा अर्धा फेरा हातानं घ्या. स्क्रू नुसता फिरायला लागला की ते भोक गेलं, त्यात जास्त जाड स्क्रू घुसवून भागत नाही. स्टडचा पुढचा भाग सव्वा इंचाच्या आसपास रुंद असतो आणि एका बाजूनं उघडा असतो. उघड्या कडेजवळ स्क्रू मारला तर पत्रा मागे वळतो, बंद बाजूकडं मारला तर धरतो.

आणि काळे ड्रायवॉल स्क्रू वापरू नका. प्रत्येक साइटवर पोतंभर पडलेले असतात, म्हणून कारागिराचा हात आपोआप तिकडं जातो. ते बोर्ड पत्र्याला धरायला बनवलेत. कडक असतात, पण ठिसूळ. पक्कडीत धरून वाकवा, साधा स्क्रू वाकतो, काळा कट्कन तुटतो. कपाटाचं वजन आलं की त्याचं डोकंच उडतं.

मग मी काय करतो? तुमच्या जागी असतो तर बोर्ड उघडला असता. ऐकायला मोठं वाटतं, पण एका दिवसाचं काम आहे. कपाटाची वरची कड जिथं येणार त्या उंचीवर, स्टडच्या मध्यापासून मध्यापर्यंत, नऊ इंच रुंदीची बोर्डची पट्टी कटरनं कापून काढायची. अठरा एमएम प्लायच्या पट्ट्या दोन स्टडच्या मध्ये घट्ट बसतील अशा कापायच्या, टोकाला जीआयचे एल तुकडे लावून स्टडला सेल्फ ड्रिलिंग स्क्रूनं पकडायच्या, पुढची बाजू स्टडच्या पातळीत. कपाटाच्या खालच्या कडेलाही अशीच एक पट्टी. मग बोर्डचा तुकडा परत बसवायचा, जोडावर जाळीची टेप, पुट्टी, रंग. ती जागा तशीही कपाटामागं जाते, त्यामुळं फिनिशिंगचा घोर नाही. प्लाय किचनमध्ये आहे म्हणून आयएस ७१० चा मरीन घ्या, दोन-चार पट्ट्यांत पैशांचा फार फरक पडत नाही. पट्ट्या बसवल्यावर मोबाइलवर फोटो काढा, टेप धरून, जमिनीपासून किती उंचीवर आहेत ते दिसेल असा. दहा वर्षांनी दुसरा सुतार येईल तेव्हा त्या फोटोची किंमत कळते.

आता स्क्रू आपोआप ठरला. तो आतल्या प्लायमध्ये पूर्ण जाडीभर गेला पाहिजे. कपाटाच्या आतली टांगायची पट्टी १८, मागचा प्लाय ६, बोर्ड साडेबारा, आतला प्लाय १८. बेरीज साडेचोपन्न एमएम. म्हणजे ६० एमएमचा, आठ नंबरचा झिंक केलेला स्क्रू. बोर्डवर टाइल असेल तर तिची आणि चिकटवणीची जाडी त्यात मिळवा. काउंटरसंक, म्हणजे निमुळत्या डोक्याच्या स्क्रूखाली वॉशर द्या किंवा चपट्या रुंद डोक्याचा स्क्रू घ्या, डोकं प्लायमध्ये बुडायला नको. एका कपाटाला वर चार, खाली दोन.

मी ‘टांगायची पट्टी’ म्हटलं, ती तुमच्या सुताराला मुद्दाम दाखवा. बरेच जण कपाटाच्या सहा एमएमच्या मागच्या प्लायमधूनच स्क्रू मारतात. तो प्लाय कपाटाला बारीक खिळ्यांनी ठोकलेला असतो. मग भिंत धरते, स्क्रू धरतो, आणि मागचा प्लाय भिंतीवर राहून कपाट पुढं येतं. अठरा एमएमची, चार इंच रुंद पट्टी कपाटाच्या आत वरच्या फळीखाली, दोन्ही बाजूच्या फळ्यांना आणि वरच्या फळीला स्क्रूनं आणि फेव्हिकॉलनं जोडलेली हवी. स्क्रू तिच्यातून जायला हवेत.

बोर्ड फोडायचा नसेल, घर भाड्याचं असेल किंवा नुकताच रंग झाला असेल, तर दुसरी वाट आहे आणि आपल्या घरांना ती फार छान बसते. वजन भिंतीला देऊच नका, ओट्याला द्या. कपाटाच्या बाजूच्या फळ्या खाली ओट्याच्या ग्रॅनाइटपर्यंत उतरवा, भिंतीला चिकटून, सहा इंच रुंद पुरे. तीन कपाटांना चार उभ्या फळ्या. त्यांच्या मध्ये मसाल्याच्या डब्यांसाठी एक बारीक फळी टाकली की ते मुद्दाम केल्यासारखं दिसतं. आता खाली जाणारं वजन ओटा घेतो. भिंतीकडं उरते फक्त वरची ओढ, दर कपाटाला सोळा-सतरा किलो, आणि ती स्टडमधले चार सेल्फ ड्रिलिंग स्क्रू किंवा टॉगल आरामात घेतात. बायका विचारतात, ओट्यावर जागा जाईल का? अठरा एमएमच्या चार फळ्यांनी तीन इंचसुद्धा जात नाही. ओट्यावर पाणी साचतं, म्हणून फळीच्या खालच्या टोकाला ॲल्युमिनियमचा किंवा पीव्हीसीचा बूट द्या, प्लाय थेट दगडावर टेकवू नका.

टॉगलचं नाव घेतलं म्हणून त्याबद्दल. बोर्डच्या मागे जाऊन पंखासारखा उघडणारा धातूचा बोल्ट म्हणजे टॉगल. छत्रीसारखा फुगणाराही एक प्रकार मिळतो. ते भोकाच्या कडेला नाही धरत, बोर्डच्या मागच्या मोठ्या भागावर दाब देतात, म्हणून गिट्टीपेक्षा कितीतरी भरवशाचे. तरीही नुसत्या बोर्डमधल्या एका टॉगलवर मी १५ किलोपेक्षा जास्त धरत नाही. त्याचा उत्तम उपयोग म्हणजे स्टडच्या पत्र्यातूनच तो आरपार घालणं. मग पंख पत्र्याच्या मागे उघडतात आणि आटे फाटायचा प्रश्नच राहत नाही. भोक मोठं लागतं, पाकिटावर माप असतं, तेवढंच घ्या. आणि ड्रिलचा हॅमर बंद ठेवा. हॅमर चालू राहिला की पुढं भोक सुबक दिसतं आणि मागे कागद फाटून पसाभर जिप्सम पडलेलं असतं, म्हणजे ज्याच्यावर टॉगल टेकणार तेच गेलं. परभणीत पटकन मिळाले नाहीत तर संभाजीनगरहून किंवा ऑनलाइन मागवा, पण त्यावाचून गिट्टीवर भागवू नका.

ओल हा जिप्समचा वैरी आहे. आपल्याकडं हवा कोरडी, त्यामुळं कोकणासारखा त्रास नाही. पण उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर गेला की घरोघर कूलर लागतात, आणि कूलरचा झोत थेट पार्टिशनवर असेल तर दोन-तीन महिने बोर्ड दमट राहतो. ओला बोर्ड हातानं दाबला तर ठसा उठतो, तो स्क्रू काय धरणार? सिंकच्या बाजूला आणि खालच्या कडेला बघा, पाणी लागतंय का. हिरवा बोर्ड लावलाय असं कंत्राटदारानं सांगितलं असेल तर चांगलंच, तो दमटपणा जास्त सोसतो. पण तो जास्त वजन पेलतो असा समज करून घेऊ नका.

आणखी एक गोष्ट आपल्या भागात राहणाऱ्यानं विसरू नये. ३० सप्टेंबर १९९३ ची, किल्लारीच्या भूकंपाची पहाट लातूर-धाराशिवच्या माणसाला सांगावी लागत नाही. तोवर किल्लारीचा भाग सरकारी नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होता. २०२४ मध्ये मार्चला आणि पुन्हा जुलैला हिंगोली भागात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, ते परभणीतही जाणवले, तुम्हालाही जाणवले असतील. अशा हादऱ्यात पार्टिशनला काही होत नाही, ते हलकं असतं. पण गिट्टीवरचं भरलेलं कपाट पुढं-मागे हलतं, आणि आधीच सैल झालेल्या भोकाला तेवढं पुरतं. म्हणून तिन्ही कपाटं एकमेकांना बाजूनं बोल्टनं जोडा, आणि खालच्या कडेचे दोन स्क्रू टाळू नका. शटरला घट्ट मॅग्नेट किंवा खटका लावा, म्हणजे डबे आपोआप बाहेर येणार नाहीत.

तर सुताराशी बोलताना क्रम असा ठेवा. आधी चुंबकानं स्टड, मग पार्टिशन वर स्लॅबला धरलंय का ते, मग आत प्लाय घालायचा की ओट्यावर उभं करायचं हा निर्णय, आणि त्यानंतर स्क्रूची लांबी बेरीज करून. तुमचा सुतार अनुभवी वाटतो, त्याला कमी लेखल्यासारखं होऊ देऊ नका. त्याला ठोकून आवाज ऐकवा, बारीक भोकातला कीस दाखवा, तो स्वतःच प्लाय कापायला घेईल. त्या प्लास्टिकच्या गिट्ट्या परत करू नका, घड्याळाला आणि कॅलेंडरला वापरा.

कपाटं लागली की पहिले दोन दिवस रिकामी ठेवा. मग जड डबे खालच्या फळीत, भिंतीच्या बाजूला, हलके पुढं आणि वर. कपाटाच्या वरच्या कडेला लागून भिंतीवर टोकदार पेन्सिलीनं एक बारीक रेघ मारा, तारीख लिहा. महिन्यानं आणि पहिल्या उन्हाळ्यानंतर स्टुलावर चढून बघा. कपाट रेघेला चिकटून असेल तर निवांत राहा. रेघ आणि कपाट यांच्यात पोस्टकार्ड सरकेल एवढी जरी जागा दिसली, तर त्याच दिवशी डबे उतरवा आणि सुताराला बोलवा. ती फट पुट्टीनं भरू देऊ नका.